आमचा वार, तुमचा वार: फिरत्या कारवॉशचा हिशेब

मार्च २०२२ हा धंद्याचा पहिला पूर्ण महिना. ११८ गाड्या धुतल्या, एकही ग्राहक नाराज होऊन गेला नाही, आणि महिनाअखेरीस ५,९१८ रुपये पदरचे गेले. त्यात माझा पगार धरलेलाच नाही. हातांची सालं निघाली होती, कंबर धरली होती, आणि घरखर्चाला द्यायला खिशात काही नव्हतं.

हे सगळं लिहून काढतोय, कारण दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी फोन करून विचारतं, "दादा, कारवॉशची गाडी टाकायचीय, किती सुटतात?" पाच मिनिटांत उत्तर देता येत नाही. दिलं तर ते अर्धवट असतं, आणि अर्धवट ऐकून कर्ज काढणारा माणूस अडचणीत येतो. मी आलो होतो.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, राहायला पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात. चाकणच्या एका कंपनीत नऊ वर्षं पेंट शॉपला होतो. रंगवून आलेले भाग उजेडाखाली धरायचे, दोष शोधायचे आणि खडूने खूण करायची, हेच काम. डिसेंबर २०२१ मध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. घरी बसलो तेव्हा सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फिरताना नजर सवयीने रंगाकडेच जायची. काळ्या, निळ्या, गडद रंगाच्या गाड्यांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायचे. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने रोज पुसली की असं होतं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. त्यावर रोज सकाळी मातीचे कण घासायचे. बघवत नव्हतं. हे काम नीट करता येतं आणि मला ते कळतं, एवढ्यावर धंद्याचं ठरवलं.

सुरुवातीचा खर्च असा: सेकंड हँड ईको कार्गो व्हॅन, सीएनजीवरची, २,९५,००० रुपये. प्रेशर वॉशर १४,०००. इन्व्हर्टर आणि १५० एएचच्या दोन बॅटऱ्या ४८,०००. टाकी, तिची लोखंडी चौकट आणि पाइप ९,०००. व्हॅक्यूम क्लीनर ७,५००. बादल्या, मायक्रोफायबरचे कपडे, शाम्पू वगैरे ११,५००. एकूण ३,८५,०००. त्यातले ४५,००० माझे, बाकीचे ३,४०,००० मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातून, म्हणजे ५० हजार ते ५ लाखांच्या गटातून. हप्ता ७,४००. पेट्रोलवर चालणारं मशीन स्वस्तात मिळत होतं, पण ते बेसमेंटमध्ये चालवून बघितलं तेव्हा आवाज घुमला आणि धूर कोंडला. कुठलीही कमिटी दुसऱ्या दिवशी गेटवर अडवेल हे तिथेच कळलं. बॅटरीवर खर्च केला याचा आजही पश्चात्ताप नाही. रात्री घरी चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवसाची सोय होते.

आणि दर? दर ठरवायला मला दहा मिनिटं लागली. जवळच्या वॉशिंग सेंटरला ३०० ते ३५० घेतात, एका पत्रकावर कुणाचे १९९ बघितले होते. मी म्हटलं, नवीन आहोत, १९९ ठेवू. कुठलीही गाडी असो, १९९. लोकांना लक्षातही राहील.

११८ गुणिले १९९ म्हणजे २३,४८२. खर्च: मदतीला ठेवलेल्या मुलाचे १३,०००, हप्ता ७,४००, सीएनजी ४,९००, शाम्पू-कपडे २,६००, आणि पाणी, मोबाइल, पंक्चर असं किरकोळ १,५००. बेरीज २९,४००.

माझा पहिला विचार असा की गाड्या कमी पडल्या. जास्त पत्रकं वाटू, १७९ करू, गर्दी वाढेल. नशिबाने त्या रविवारी ताई घरी आली. ताई चिंचवडला एका पतसंस्थेत आहे. कर्ज मागायला येणाऱ्यांच्या वह्या बघण्यात तिची वीस वर्षं गेलीत. माझी वही तिने शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाली, "अरे, यात पैसे लिहिलेस. वेळ कुठाय?"

तिनेच नवीन वहीत रकाने आखून दिले. धुणं, रस्ता, गेट, चावी, बाकी. सात दिवस प्रत्येक मिनिट यातल्या एका रकान्यात गेलं पाहिजे. मला ते फार वाटलं, पण केलं. सोबतचा पोरगा लातूरचा, बारावी झालेला, अक्षर चांगलं. त्याच्याकडे वही दिली.

आठवड्याची सरासरी अशी निघाली. दिवस नऊ तासांचा, म्हणजे ५४० मिनिटं. गाड्या पाच. प्रत्यक्ष धुण्यात २०० मिनिटं. रस्त्यावर १६५. गेटवर नोंद, मायगेटवर, म्हणजे सोसायटीत येणाऱ्यांना आत सोडायच्या अ‍ॅपवर, मंजुरीची वाट, मग तीन मजली पार्किंगमध्ये गाडी शोधणं, यात ८५. मालक चावी घेऊन खाली येईपर्यंत ५०. चहा-जेवण ४०. गाड्या धुणारा माणूस दिवसातले साडेतीन ताससुद्धा गाडी धुवत नव्हता. वाकडहून पिंपळे सौदागर, तिथून रहाटणी, परत वाकड. ज्याचा फोन येईल त्याच्याकडे पळत होतो आणि त्यालाच चांगली सेवा समजत होतो.

मग ताईने दुसरं पान उघडलं. "तुझा पगार किती लिहू?" म्हटलं, सुटेल तो माझा. ती चिडली. "तू आजारी पडलास तर तुझ्या जागी माणूस ठेवावा लागेल ना? त्याला किती देशील?" २५,००० लिहिले. मुलाचे १३,००० फारच कमी होते, ते १५,००० केले. हप्ता ७,४००. विमा आणि दुरुस्तीसाठी बाजूला २,५००. मोबाइल, पार्किंग, कागदपत्रं १,१००. आणि पाच-सहा वर्षांनी ही ईको, मशीन, बॅटऱ्या सगळं बदलावं लागणार, त्यासाठी महिन्याला ४,०००. बरोबर ५५,००० झाले. पंचवीस कामाचे दिवस धरले तर दिवसाला २,२००. सीएनजीचे रोजचे २०० त्यात मिळवा. म्हणजे सकाळी गाडीला किल्ली लावली की २,४०० रुपयांचं देणं सुरू झालं, एकही गाडी धुतली नाही तरी. याशिवाय प्रत्येक गाडीमागे शाम्पू १४, कपड्यांची झीज ८, पाणी ३, वीज ३, असे २८.

आता १९९ मधून २८ गेले की उरतात १७१. २,४०० भागिले १७१ म्हणजे दिवसाला चौदा गाड्या. दोन माणसांनी, त्या रस्त्यांवरून, रोज चौदा. दर आणखी कमी करून १७९ केला असता तर रोज सोळा लागल्या असत्या.

त्या रात्री मी एकच आकडेमोड पुन्हा पुन्हा केली. दिवसाला पाच गाड्या असतील तर एका गाडीला ५०८ रुपये पडतात. नऊ असतील तर २९५. दहा असतील तर २६८. गाडी तीच, शाम्पू तोच, मेहनत तीच. एक धुणं किती रुपयांना पडतं हे माझ्या हातापेक्षा माझ्या रस्त्यावर अवलंबून होतं. गेली तीन वर्षं मी जे काही केलं ते या एका गोष्टीभोवती केलं.

एप्रिलपासून वार लावले. मंगळवार आणि शुक्रवार वाकड, बुधवार पिंपळे सौदागर, गुरुवार रहाटणी-थेरगाव. शनिवार-रविवारीही याच भागात, दिवसाला जास्तीत जास्त दोन सोसायट्या. सोमवारी सुट्टी. दरपत्रक दोन रकान्यांचं केलं. पहिला रकाना 'आमचा वार': छोटी गाडी ३४९, सेडान ३९९, छोटी एसयूव्ही ४४९, सात सीटची ५४९. दुसरा रकाना 'तुमचा वार': तुम्ही म्हणाल त्या दिवशी, म्हणाल त्या वेळी येऊ, पण दीडशे रुपये जास्त. रविवारी सगळ्यांनाच पन्नास जास्त, कारण रविवारी सकाळी आठ ते अकरामध्ये आख्ख्या पिंपरी-चिंचवडला गाडी धुवून हवी असते.

ही दोन नावं मला अगदी सहज सुचली, पण त्यांनी मोठं काम केलं. आधी दर वाढवतोय म्हटलं की वाद व्हायचा. आता लोक स्वतःच म्हणतात, "मग तुमच्या वारालाच या." त्यांना स्वस्त पडतं, मलाही तेच हवं असतं.

तरी पहिल्यांदा दर वाढवतानाचे चार दिवस फार कठीण गेले. माझे ४१ नेहमीचे ग्राहक होते. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप न पाठवता फोन केले. पिंपळे सौदागरचे एक काका म्हणाले, "काल १९९, आज ३४९? हे काय झालं?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "काका, १९९ ला मला घरातून पैसे घालावे लागतायत. असंच चाललं तर दोन महिन्यांनी मी बंद पडेन." ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग सुरुवातीला नीट हिशेब करून सांगायचं होतं." ते गेले, परत आले नाहीत, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ४१ पैकी १७ जण गेले. राहिलेल्या चोविसांतले बरेच आजही आहेत. पहिला दर चुकीचा लावला की नंतर तो सुधारताना आपण ग्राहकाचा विश्वास खर्च करतो. तुम्ही सुरू करणार असाल तर निदान हे एक माझ्याकडून घ्या. उद्घाटनाची सवलत द्यायची तर द्या, पण खरा दर छापून त्यावर काट मारून द्या.

त्याच सुमारास सीएनजीने धडा दिला. १ एप्रिल २०२२ पासून राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, किंमत एकदम उतरली, मी खूश. पण पुढच्या काही महिन्यांत दर चढत चढत आधीपेक्षाही वर गेले. तेव्हापासून इंधनाचा आकडा दर तिमाहीला नव्याने लिहितो आणि धुण्याचे दर वर्षातून एकदाच, १ जानेवारीला, आधी महिनाभर कळवून वाढवतो. अधूनमधून दहा-वीस रुपये वाढवणं लोकांना आवडत नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पैशाइतकाच सदसद्विवेकाचा प्रश्न आहे. आमच्या शहराला मुख्यतः पवना धरणाचं पाणी, आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते एक दिवसाआड येतं. जिथे बायका उठून आधी नळाकडे बघतात तिथे पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणं मला पटणारं नव्हतं. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड लावला, तेव्हा आमच्या काही ग्राहकांनी ती बातमी मला पाठवली होती. मी सुरुवातीपासून बोअरचं पाणी वापरतो. थेरगावातच एका ओळखीच्या काकांच्या बोअरवरून रोज टाकी भरतो, महिन्याला सहाशे रुपये देतो.

पण बोअरचं पाणी जड. उन्हात वाळलं की पांढरे ठिपके उरतात आणि काळ्या गाडीवर ते फार वाईट दिसतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर आणून मोजलं तेव्हा काटा सातशेच्या वर. त्यावर मी तीन गोष्टी करतो. गाडी सावलीतच धुवायची, बॉनेट हाताला गरम लागत असेल तर आधी थांबायचं. एकेक भाग धुवून लगेच जाड टॉवेलने टिपायचा, आख्खी गाडी ओली सोडायची नाही. आणि काचा, आरसे शेवटी घरच्या आरओच्या शुद्ध पाण्याने, त्याचा एक पाच लिटरचा कॅन रोज बरोबर असतो.

पाणी किती लागतं? नळीने धार सोडून धुतलं तर दीडशे-दोनशे लिटर कुठे जातात कळत नाही. आमचं मशीन मिनिटाला साडेसहा लिटर टाकतं. आधी सात मिनिटं मशीन आणि दोन बादल्या, असे पाऊणशे लिटर व्हायचे. २५० लिटरची टाकी तीन गाड्यांत रिकामी, की परत थेरगाव. रस्त्याच्या रकान्यातली मिनिटं तिथेही जात होती. उपाय रिन्सलेस वॉशमध्ये सापडला. हे एक द्रव असतं, बादलीभर पाण्यात थोडंसं टाकायचं. त्यातला निसरडा घटक धुळीच्या कणाला वेढून घेतो, कण घासला न जाता कपड्यात उचलला जातो, आणि नंतर गाडी खळखळून धुवावी लागत नाही. एका गाडीला आठ-दहा लिटर. बेसमेंटमध्ये, जिथे पाणी वाहून जायला जागाच नसते, तिथे याशिवाय पर्याय नाही. कमिटीचा सगळ्यात मोठा आक्षेप, "फरशी ओली होते, कुणी घसरलं तर?", यानेच मिटला. मात्र चिखलाच्या गाडीवर हे चालत नाही. लोणावळा, ताम्हिणीकडून आलेली गाडी असेल तर खालचा भाग आधी मशीननेच मारून घ्यायचा. नाहीतर तुम्ही ओरखडे घालवायला आलात आणि घालून गेलात असं होईल.

आमच्याकडून तेही झालं. जून २०२२, काळी सेडान. मुलाच्या हातातला कपडा खाली पडला, त्याने झटकला आणि तोच दारावर फिरवला. दुपारी मालकांचा फोटो आला. मी बघताक्षणी ओळखलं, नऊ वर्षं तेच केलं होतं. नाकबूल करण्यात अर्थ नव्हता. पॉलिशिंगचे ३,५०० मी भरले. त्या मुलाच्या पगारातून कापले नाहीत, कारण पडलेल्या कपड्याचं काय करायचं हे मीच त्याला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून तीन रंग: निळा वरच्या भागाला, पिवळा आतल्या भागाला, करडा चाकांना. खाली पडलेला कपडा थेट पिशवीत, त्या दिवशी पुन्हा बाहेर नाही. आणि काम सुरू करायच्या आधी गाडीभोवती मोबाइलने एक फेरी, व्हिडिओ काढत. जुने ओरखडे कोणते हे दोघांनाही माहीत असलं की भांडण होत नाही.

गाड्या पुसणाऱ्या लोकांबद्दल बोललं पाहिजे. प्रत्येक सोसायटीत पहाटे पाचला बादली घेऊन फिरणारे एक-दोघं असतात, महिन्याला पाचशेच्या आसपास घेतात. मी वाकडच्या एका सोसायटीत शिरलो तेव्हा तिथला दादा, बीडकडचा, माझ्याकडे बघेना. त्याला वाटलं, याने माझ्या पोटावर पाय दिला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "दादा, रोजचं पुसणं तुमचंच. मी पंधरा दिवसांतून एकदा. तुम्ही ज्याचं नाव सांगाल त्याच्या पहिल्या धुण्याचे चाळीस रुपये तुमचे." आणि त्याला चार मायक्रोफायबर आणि रिन्सलेसची एक बाटली दिली, कसं वापरायचं ते दाखवलं. कोरडं फडकं त्याने सोडलं.

या माणसाला जे माहीत होतं ते कुठल्याही जाहिरातीत मिळालं नसतं. कुठली गाडी हिंजवडीला नऊला निघते आणि कुठली घरूनच काम करते, कुणाच्या घरी नवीन बाळ आलंय, कोण मुलाला शाळेतून आणताना गाडीत खाऊ सांडू देतं, कोण पैसे महिनाभर थकवतं. बुधवारी आणि शुक्रवारी पार्किंग भरलेलं असतं हेही त्यानेच सांगितलं. आता चार सोसायट्यांत असे चार जण आहेत. चावीच्या रकान्यातली पन्नास मिनिटं त्यांच्यामुळे गेली. ते आदल्या दिवशी आठवण करतात, लोक चावी सिक्युरिटीकडे ठेवून जातात.

पॅकेजच्या नादाला मी जून-जुलैमध्ये लागलो. महिन्याला चार धुणी ९९९. बावीस जणांनी घेतलं, एकदम जवळपास बावीस हजार हातात आले आणि मला वाटलं जमलं. प्रत्येक धुणं अडीचशेला विकलं होतं, म्हणजे दहा गाड्यांच्या दिवशी पडणाऱ्या २६८ पेक्षाही कमी. वर जुलैत पाऊस लागला, कुणालाच गाडी धुवायची नव्हती. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तशी सगळ्यांना राहिलेली धुणी एकाच आठवड्यात हवी होती. पैसे तर केव्हाच खर्च झाले होते. बारा दिवस आम्ही फुकट राबल्यासारखे राबलो. एकालाही नाही म्हटलं नाही. पैसे घेतले होते. आता पॅकेज दोन धुण्यांचं, सूट धुण्यामागे पंचवीस रुपये, दिवस ठरलेला. पाऊस असेल तर पुढचा वार आपोआप. आगाऊ आलेली रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि धुणं झालं की तेवढीच इकडे येते.

पावसाळा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने मला सांगितलं होतं की चार महिने घरी बसशील. बाहेरची धुणी खरंच निम्म्यावर येतात. पण बंद गाडीत ओल धरते, सीटला बुरशी येते, ओल्या छत्र्या आणि बुटांनी कार्पेट कुबट होतं. आतली सफाई हे पावसाळ्यातलं आमचं पोट. त्याचा दरही आधी चुकलेला: ७९९. दोघांना अडीच तास लागतात. दिवसाचे २,४०० प्रत्यक्ष कामाच्या मिनिटांवर वाटले तर मिनिटाला आम्हाला साधारण पावणेसात रुपये पडतात, म्हणजे हजार रुपये वेळेचेच झाले, वर नव्वदचं सामान. आता १,४०० घेतो. दूध सांडलं असेल किंवा लहान मुलाने उलटी केली असेल तर आधी बघून सांगतो, फोनवर दर देत नाही. दुधाचं तर सांगूच नका, कार्पेट पूर्ण उचलून खालचा फोम वाळवल्याशिवाय तो वास जात नाही.

आणि मग दसरा. खंडेनवमी धरून दसऱ्याच्या आधीचे चार दिवस वर्षातले सगळ्यात मोठे. लोकांच्या मनात त्या धुण्याला वेगळीच जागा असते. आजोबा खाली उतरून उभे राहतात, टायरसुद्धा काळे करून द्या म्हणतात. त्या दिवसांत मी दर वाढवत नाही. ताईने विचारलं होतं का नाही, मागणी आहे तर घे. पूजेसाठी गाडी धुवायला मागतात आणि तिथे जास्त पैसे लावायचे, मन घेत नाही. मात्र सणाच्या आठवड्यात 'तुमचा वार' बंद असतो, फक्त आमचे वार. २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला दसरा होता. २० ते २३ या चार दिवसांत ५१ गाड्या झाल्या. पहाटे साडेपाचला सुरुवात, रात्री टॉर्चच्या उजेडात शेवट.

दसऱ्यानंतरचा आठवडा कुणाच्या लक्षात येत नाही, पण तोही कामाचा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, हाराच्या तारेने आलेले ओरखडे. कुंकू ऊन खात तीन-चार दिवस राहिलं की डाग क्लिअर कोटमध्ये उतरतो. मी आता धुतानाच सांगतो, संध्याकाळी पूजा झाली की दुसऱ्या सकाळी ओल्या कपड्याने हलकेच पुसून घ्या आणि हार तारेऐवजी दोऱ्याने बांधा. यात माझं एक काम कमी होतं, पण ते ग्राहक मला सोडत नाहीत. गणपतीनंतर गुलाल आणि रंगपंचमीनंतर सीटवरचे रंग, तेही असेच.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आमची दहाच्या आसपास आहे. गाडी पिवळ्या पाटीची घ्या. खासगी गाडीत टाकी बसवून धंदा करायचा आणि अपघात झाला की विमा कंपनीपुढे हात जोडायचे, हे मी जवळून पाहिलंय. एका अ‍ॅपने आम्हाला कामं देऊ केली होती, पंचवीस टक्के कमिशन. एक महिना करून सोडलं. कमिशनपेक्षा मला नडला तो रस्ता. ते कुठेही पाठवत होते.

आज एका साध्या महिन्याचं चित्र असं आहे: धुणी आणि आतली सफाई मिळून २०५ कामं, सरासरी ४१०, म्हणजे ८४,०५०. खर्च ५५,०००, सीएनजी ५,०००, कामांमागचे २८ प्रमाणे ५,७४०. माझे २५,००० खर्चात धरून वर १८,३१० उरतात. पहिल्या महिन्यापेक्षा गाड्या दुपटीहूनही कमीच वाढल्या. रस्त्यावरची १६५ मिनिटं पासष्टवर आली. पावसाळ्यात हा उरणाऱ्या पैशांचा आकडा आठ-नऊ हजारांवर येतो, ऑक्टोबरमध्ये तीस ओलांडतो. यात बंगला होणार नाही. पण मुलीची फी वेळेवर जाते आणि हप्ता कधी चुकला नाही.

दुसरी गाडी टाकावी का, हा प्रश्न सहा महिने घरात चालू आहे. लातूरचा मुलगा आता सगळं काम सांभाळू शकतो. त्याला बावीस हजार आणि नफ्यात वाटा द्यायचं ठरलंय. ताईची अट एकच: रोजच्या आठ गाड्या जिथे लागोपाठ मिळतील असा भाग आधी दाखव, मग गाडी बघ. म्हणून गेले दोन महिने आम्ही सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, रावेतला जातोय. दोन सोसायट्यांशी बोलणं झालंय, मंगळवार आणि शुक्रवार. तिसरीच्या सेक्रेटरींना या रविवारी भेटायचंय. तिथल्या गाड्या पुसणाऱ्या दोघांशी लातूरच्या मुलानेच ओळख काढलीय. परवा तो नवीन वही घेऊन आला. पहिल्याच पानावर पट्टीने रकाने आखलेत: धुणं, रस्ता, गेट, चावी, बाकी.